घरचं कॉलेज सोडून ड्यूक-केंटकीच का? (अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल)

बँकशॉट

कूपर आणि एस फ्लॅग ही मेन राज्यातल्या न्यूपोर्ट या छोट्या गावची जुळी भावंडं. २०२२ मध्ये, नववीत असतानाच, दोघांनी नोकोमिस हायस्कूलला राज्य अजिंक्यपद मिळवून दिलं. आई केली बोमन स्वतः युनिव्हर्सिटी ऑफ मेनकडून खेळलेली. पुढे कूपर बास्केटबॉलमधल्या बड्या ड्यूक युनिव्हर्सिटीला गेला आणि एस मेनला. धाग्याचा प्रश्न एकाच घरात, एकाच ताटात वाढून ठेवलाय म्हणा ना.

४ नोव्हेंबर २०२४ ला ड्यूकने हंगाम सुरू केला तो नेमका मेनशीच खेळून. ९६-६२. कूपरचा कॉलेजातला पहिला अधिकृत सामना, आणि समोर आईचं कॉलेज.

मेनच्या पुरुष संघाने एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) अजिंक्यपद स्पर्धा आजवर एकदाही पाहिलेली नाही. मेन खेळतं ती अमेरिका ईस्ट ही एका जागेची लीग आहे. वर्षभर कितीही जिंका, मार्चमधली लीगची स्पर्धा हरलात तर ६८ संघांच्या यादीत नाव येणं जवळजवळ अशक्य. ड्यूकला एका वाईट संध्याकाळची किंमत इतकी मोजावी लागत नाही.

देशातल्या पहिल्या दहा-वीसात गणली जाणारी मुलं घरचं कॉलेज का सोडतात, त्यातून काय साधतं आणि काय फसतं, यावर लिहा. 'मातीशी बेइमानी' वगैरे नको, 'आमच्या वेळी' तर नकोच. नियम, आकडे आणि खेळ एवढंच बोलू.

झोन_दोन_तीन

मुळात मोठ्या कॉलेजात गेल्याशिवाय एनबीएत वरचा नंबर लागत नाही, हा समजच तपासायला हवा. एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू क्रमाने निवडतात तो ड्राफ्ट. २०१६ पासून त्यात पहिले गेलेले पाहा. सिमन्स लुइझियाना स्टेटचा, फुल्ट्झ वॉशिंग्टनचा, एटन ॲरिझोनाचा, झायन ड्यूकचा, एडवर्ड्स जॉर्जियाचा, कनिंगहॅम ओक्लाहोमा स्टेटचा, बँकेरो ड्यूकचा. मग २०२३ आणि २०२४ फ्रेंच मुलांनी नेली आणि २०२५ ला फ्लॅग, पुन्हा ड्यूक. कॉलेजातून आलेल्या आठांपैकी तीन ड्यूकचे, पण चार जण अशा कॉलेजांतले की ज्यांना बास्केटबॉलची 'गादी' कुणीच म्हणणार नाही.

फुल्ट्झच्या वर्षी वॉशिंग्टन ९ जिंकून २२ हरलं, तरी हा पहिला. अँथनी एडवर्ड्स अटलांटाचा मुलगा, राज्यातच जॉर्जियाला राहिला, संघ १६-१६, तरी पहिला. २०२४-२५ मध्ये रटगर्स १५-१७ वर अडकलं, पण डिलन हार्पर दुसरा गेला आणि एस बेली पाचवा. हार्पर तर न्यू जर्सीचाच, थोरला भाऊ आधी तिथेच खेळलेला. हे सगळं बघितल्यावर घरी राहण्यात नेमकं नुकसान कुठलं?

तिसरा_पंच

झोन, यादी बरोबर आहे पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतोय. पहिल्या तीनात जाणारा मुलगा कुठेही गेला असता तरी तिथेच पोचला असता. त्याची उंची, हातांची लांबी, उडी हे सतराव्या वर्षीच दिसलेलं असतं. कॉलेजने खरा फरक पडतो तो त्याच्या खालच्या थरात, दहा ते चाळीसच्या दरम्यान.

पॅट्रिक बाल्डविन ज्युनियर घ्या. विस्कॉन्सिनच्या ससेक्सचा, २०२१ मध्ये हायस्कूल संपवणाऱ्या तुकडीतलं अगदी वरचं नाव. ड्यूक दारात उभं असताना तो मिलवॉकीला गेला, कारण तिथे वडील मुख्य प्रशिक्षक. पायाच्या दुखण्यात जेमतेम ११ सामने खेळला, संघ १०-२२, वडिलांची नोकरी गेली, आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये हा २८ वा.

असं का होतं, ते मैदानावर बघितलं की कळतं. मिलवॉकीच्या हॉरायझन लीगमध्ये तुमच्याकडे एकच मोठं नाव असेल तर समोरचा संघ बॉक्स-अँड-वन लावतो. चौघं चौकोनात उभे आणि पाचवा तुमच्या छातीला चिकटलेला. बाकीच्या चार सहकाऱ्यांना लांबून टाकता येत नसेल, तर तो चौकोन आत आत सरकत येतो. मग तुमच्या वाट्याला शॉट क्लॉकच्या (फटका टाकायच्या मुदतीच्या) शेवटच्या चार सेकंदांतले, समोरच्याचा हात तोंडावर असतानाचे फटके येतात. टक्केवारी घसरते. स्काउट, म्हणजे एनबीए संघाचा पारखी, टेप बघतो, आणि टेपमध्ये चौकोन ठळक दिसत नाही, चुकलेला फटका दिसतो.

याच्या उलट २०१२ ची फायनल. केंटकी विरुद्ध कॅन्सस, ६७-५९. शिकागोच्या अँथनी डेव्हिसने १० पैकी १ फटका घातला, एकूण ६ गुण. तरी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच, कारण १६ रिबाउंड आणि ६ ब्लॉक. गुण करायला बाजूला इतर होते. त्या संघातले सहा जण त्याच वर्षी ड्राफ्ट झाले. एकांड्या संघात १० पैकी १ म्हणजे पराभव आणि दुसऱ्या दिवशीचा मथळा.

झोन_दोन_तीन

मान्य, पण मग स्काल लाबिसिएरचं काय? मूळ हैतीचा, हायस्कूल मेम्फिसमध्ये. मेम्फिस युनिव्हर्सिटी शर्यतीत होती, तरी गेला केंटकीला. त्याच्या तुकडीतल्या पहिल्या दोनात धरलेला मुलगा, सामन्याला सात गुणसुद्धा झाले नाहीत. २०१६ चा ड्राफ्ट, क्रमांक २८.

बाल्डविनही २८, लाबिसिएरही २८. एक घरी राहून, एक घर सोडून.

तिसरा_पंच

हा मुद्दा चोख आहे, खोडत नाही. मोठ्या कॉलेजातला धोका वेगळ्या जातीचा असतो आणि तो मिनिटांत मोजायचा. ४० मिनिटांचा सामना, पाच जागा, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. आठ जणांची फिरती ठेवली तर डोई सरासरी २५. त्यात अनुभवी गार्डने ३४ खाल्ली की नव्या मुलाला १६ उरतात. १६ मिनिटांत सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच गड्याला) तीन फाउल पडले तर त्या दिवशीचं दुकान बंद. लाबिसिएरचं बरंचसं हेच झालं. अंगाने हडकुळा, बॉक्स-आउट करताना (रिबाउंडसाठी अंगाने जागा अडवताना) ढकलला जायचा, आणि फाउल.

पण कमी मिनिटं म्हणजे वाया गेला असंही नाही. डेव्हिन बुकर २०१४-१५ च्या केंटकी संघात एकाही सामन्यात सुरुवातीच्या पाचात नव्हता. मिनिटं २१-२२ च्या आसपास, संघ ३८-१, ड्राफ्ट १३ वा. त्याचं काम एकच होतं, मोकळा चेंडू मिळाला की फेकायचा, आणि ते एक काम स्काउटला स्वच्छ दिसलं. म्हणून प्रश्न विचारायचा तो 'मिनिटं किती' एवढाच नाही, 'त्या मिनिटांत माझं काम काय' हाही.

लिहायचा_कंटाळा

+१. बॉक्स-अँड-वनचा परिच्छेद जपून ठेवण्यासारखा.

मिडवेस्टकर

शिकागोशिवाय हा विषय पुरा होत नाही. डेरिक रोज मेम्फिसला, डेव्हिस केंटकीला, जबारी पार्कर आणि जलील ओकाफोर ड्यूकला, क्लिफ अलेक्झांडर कॅन्ससला. सगळे शिकागोतल्या हायस्कूलांचे. राज्याचं कॉलेज इलिनॉय तिथून मोटारीने सव्वादोन-अडीच तासांवर, आणि हे सगळे त्याला चुकवून गेले.

अलेक्झांडरचा प्रसंग तर नोव्हेंबर २०१३ पासून इलिनॉयवाले विसरलेले नाहीत. टीव्हीवर निवड जाहीर करायला टेबलावर कॉलेजांच्या टोप्या मांडलेल्या. त्याने इलिनॉयची टोपी उचलली, खाली ठेवली, आणि कॅन्ससची डोक्यावर चढवली. एवढं करून २०१५ मध्ये त्याचा ड्राफ्टच झाला नाही.

आता कारण. माझ्या मते मोठं कॉलेज एकट्या मुलाला उचलत नाही, जोडी उचलतं. ओकाफोर शिकागोचा सेंटर, टायस जोन्स मिनेसोटातल्या ॲपल व्हॅलीचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणून वाटणारा. दोघं राष्ट्रीय ज्युनियर संघात एकत्र खेळलेले, आणि दोघांनी आधीच जाहीर केलेलं की जाऊ तर एकाच ठिकाणी. आता इलिनॉयने ओकाफोरला पटवायचं म्हणजे टायसलाही पटवायचं, आणि मिनेसोटाने टायसला पटवायचं म्हणजे ओकाफोरलाही. ड्यूक दोघांच्याही घरचं नव्हतं, म्हणून दोघांना चाललं. २०१५ चं अजिंक्यपद, ओकाफोर तिसरा, जोन्स २४ वा.

सेंटरच्या दृष्टीने बघा. त्याचं पोट पॉइंट गार्डच्या हातात असतं. वेळेवर, उजव्या खांद्यावर, योग्य उंचीला चेंडू आला नाही तर सात फुटी माणूस नुसता रंगवलेल्या चौकोनात हात वर करून उभा. इंडियानापोलिसच्या लॉरेन्स नॉर्थ हायस्कूलचा ग्रेग ओडन ओहायो स्टेटला गेला तो शाळेतल्याच माइक कॉन्लीबरोबर. इंडियाना राज्य सुटलं, पण घरचा पॉइंट गार्ड सामानात घेऊन गेला. २००७ ची फायनल फ्लोरिडाकडून हरले, तरी ओडन पहिला आणि कॉन्ली चौथा.

बँकशॉट

यात एक भर. शिकागोची ही मुलं निदान शिकागोतच शिकली. आता 'घर' पंधराव्या वर्षीच सुटलेलं असतं. फ्लॅग भाऊ नववी संपल्यावर मेनमधून फ्लोरिडातल्या माँटव्हर्ड अकॅडमीला गेले. एजे डिबान्सा मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनचा, मग कॅलिफोर्नियात प्रोलिफिक प्रेप, मग युटा प्रेप, आणि डिसेंबर २०२४ मध्ये होकार दिला बीवाययूला (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी). त्याच्या शेवटच्या यादीत अलाबामा, कॅन्सस आणि नॉर्थ कॅरोलायना होते, न्यू इंग्लंडमधलं एकही कॉलेज नव्हतं.

उन्हाळा बुटाच्या कंपन्यांच्या लीगमध्ये जातो. नायकेची ईवायबीएल, आदिदासची थ्रीएसएसबी, अंडर आर्मरची यूएए. जुलैत साउथ कॅरोलायनातल्या नॉर्थ ऑगस्टाला पीच जॅम ही ईवायबीएलची स्पर्धा भरते तेव्हा कोर्टाच्या कडेला दीडदोन तपांचे नामवंत प्रशिक्षक ओळीने बसलेले दिसतात. गावाकडच्या कॉलेजचा साहाय्यकही तिथेच असतो, पण त्याने पोराला नववीपासून ओळखल्याचा फायदा तोवर संपलेला असतो. पोराचे मित्र बदललेत, सरावाची पातळी बदललीय.

आणि डिबान्सा हा 'गादी'चाही अपवाद आहे, हे नोंदवून ठेवतो. बीवाययूने २०२४ मध्ये एनबीएतल्या फीनिक्स सन्सचा साहाय्यक केव्हिन यंग मुख्य प्रशिक्षक म्हणून आणला आणि भोवती एनबीएच्या धर्तीवर माणसं बसवली. परंपरा नसेल तर असं थेट विकत घ्यावं लागतं.

रोखपाल

'विकत' शब्द आलाच आहे तर पैशाचं नीट मांडतो, कारण याबद्दल ऐकीव फार चालतं.

१ जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःचं नाव, चेहरा वापरू देऊन कमावता येतं (यालाच एनआयएल म्हणतात). ६ जून २०२५ ला खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि २०२५-२६ पासून कॉलेज स्वतः खेळाडूला पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षीची मर्यादा सगळे खेळ मिळून एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. जुन्या शिष्यवृत्तीच्या मर्यादेऐवजी (पुरुष बास्केटबॉलला १३) आता संघसंख्येची मर्यादा, १५.

मोठ्या फुटबॉल कॉलेजांत साधारण वाटणी अशी धरली जाते की ७५ टक्के फुटबॉलला, १५ टक्के पुरुष बास्केटबॉलला, उरलेलं इतरांना. २ कोटी ५ लाखांचे १५ टक्के म्हणजे ३० लाखांच्या किंचित वर. १५ जणांत सरसकट वाटले तर डोई सव्वादोन लाखांच्याही आत. सरसकट कुणी वाटत नाही हे वेगळं सांगायला नको. पण बिग ईस्ट या लीगमधल्या ज्या कॉलेजांत मोठं फुटबॉल नाही, त्यांना बास्केटबॉलकडे जास्त वाटा वळवता येतो. अमेरिका ईस्टच्या पातळीवर हे आकडे नुसते ऐकायचे.

बाहेरच्या कंपनीशी किंवा देणगीदाराशी ६०० डॉलर किंवा जास्तीचा करार केला तर तो पाच कामकाजी दिवसांत 'एनआयएल गो' या यंत्रणेवर नोंदवायचा. ती डेलॉइट चालवते. तिथे दोन गोष्टी बघतात, कराराला खरं व्यावसायिक कारण आहे का, आणि रक्कम अशा कामाच्या बाजारभावात बसते का. गावातल्या मोटारविक्रेत्याने दोन फोटोंसाठी पाच लाख दिले तर तो करार अडकतो. घरच्या कॉलेजचं मोठं भांडवल गावातले हौशी श्रीमंत असतात, त्यामुळे ही चाळणी त्यांना जास्त लागते.

करारात काय वाचायचं? मुदत किती. हप्ते कधी, कारण बरेचदा मोठा हिस्सा हंगामानंतर ठेवतात. आधी सोडून गेलं तर भरपाई किती आणि ती नवं कॉलेज भरणार की मुलगा. दुखापतीत हप्ता चालू की बंद. प्रशिक्षक गेला तर बाहेर पडायची वाट आहे का. शेवटचं कलम मागितल्याशिवाय कुणी घालत नाही.

आणि कर! हे पैसे पगार म्हणून येत नाहीत, म्हणजे कापून येत नाहीत. स्वयंरोजगाराचा फेडरल कर १५.३ टक्के, वर आयकर. आगाऊ हप्ते १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षी १५ जानेवारीला. शिष्यवृत्तीत ट्यूशन आणि पुस्तकं करमुक्त, राहणं-जेवण करपात्र. राज्याचा कर जागेप्रमाणे, २०२५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा सरसकट ४.२५ टक्के होता, मेनचा वरचा टप्पा ७.१५; टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसीत काही नाही. मात्र मुलगा विद्यार्थी म्हणून बाहेर राहतो तेव्हा त्याचं कायमचं घर बहुतेकदा मूळ राज्यातच धरलं जातं आणि ते राज्यही विवरणपत्र मागतं. दुसरीकडे भरलेल्याची वजावट मिळते, पण दोन्हीकडे भरावं लागतं. पहिल्या वर्षी मार्चमध्ये मुलगा स्पर्धेत गुंतलेला आणि घरात कुणाला हे माहीत नाही, हा प्रकार नेहमीचा.

नवखा_प्रेक्षक

एक बाळबोध प्रश्न. मुलाने 'मी अमुक कॉलेजला जातोय' असं जाहीर केलं की ते पक्कं ना? मग बातम्यांमध्ये परत 'फिरला' का येतं?

तिसरा_पंच

जाहीर केलेलं म्हणजे तोंडी. बांधील कुणीच नाही, कॉलेजही नाही. एरिक गॉर्डन इंडियानापोलिसचा, तोंडी शब्द इलिनॉयला दिलेला, इंडियानात नवीन प्रशिक्षक आल्यावर २००६ मध्ये घरच्या कॉलेजकडे वळला. दोन्ही राज्यांत त्यावरून जे वाजलं ते वाजलं, नियम मात्र मोडला नव्हता.

क्रम साधारण असा. दहावी संपल्यावर १५ जूनपासून प्रशिक्षक मुलाशी थेट बोलू शकतात. मग कॉलेजच्या खर्चाने भेटी. पूर्वी अशा पाच भेटींची मर्यादा होती, २०२३ पासून एकूण आकड्यावर मर्यादा नाही. नोव्हेंबरमध्ये लवकरच्या सह्या, एप्रिलपासून उरलेल्यांच्या. १९६४ पासून चालत आलेलं 'लेटर ऑफ इंटेंट' ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता आर्थिक साहाय्याच्या करारावर सही होते. सही झाली की इतर कॉलेजांनी त्या मुलाला गळ घालायची नाही.

या सगळ्यात अडखळायला लावते ती भलतीच गोष्ट, गुणपत्रिका. पहिल्या वर्षी खेळायला १६ कोअर विषय लागतात. इंग्रजी ४, गणित ३ (अल्जेब्रा वन किंवा वरचं), विज्ञान २, यांपैकीच आणखी १, समाजशास्त्र २, आणि इतर मान्य विषय ४. त्यातले १० सातवं सत्र (म्हणजे बारावी) सुरू व्हायच्या आत, आणि त्या १० पैकी ७ इंग्रजी-गणित-विज्ञानाचे. गुणांची सरासरी ४ पैकी २.३. चार वर्षांत तीन शाळा बदललेल्या मुलाचे दोन विषय नव्या शाळेच्या मान्य यादीत नसतात, किंवा उन्हाळ्यात ऑनलाइन केलेला कोर्स एनसीएए धरतच नाही. एक वर्ष आधी हायस्कूल संपवणाऱ्यांचं तर आणखी घाईचं. फ्लॅगने २०२५ ची तुकडी सोडून २०२४ धरली, म्हणून अठरा पूर्ण व्हायच्या आत तो ड्यूककडून खेळत होता.

मिडवेस्टकर

घरच्या कॉलेजकडे एक हुकमी पत्ता असतो, तो कुणी काढला नाही अजून. बापाला नोकरी द्या. नियम असा की मुलाशी जोडलेल्या माणसाला व्हिडिओ विभाग, कार्यालय अशा मैदानाबाहेरच्या जागेवर मुलाच्या प्रवेशाआधी किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं नाही. पण प्रत्यक्ष साहाय्यक प्रशिक्षक म्हणून घेतलं तर चालतं. साहाय्यकांच्या जागा मोजक्या, त्यामुळे कॉलेजला ती खरी किंमत पडते.

एव्हन मोबली यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया) गेला तेव्हा वडील तिथे साहाय्यक. केड कनिंगहॅमच्या वेळी ओक्लाहोमा स्टेटमध्ये थोरला भाऊ. मायकेल पोर्टर ज्युनियरचं तर प्रवासवर्णन आहे. मिसुरीतल्या कोलंबियाचा मुलगा, वडील वॉशिंग्टनमध्ये साहाय्यक झाले म्हणून सिएटलला, तिथेच जायचं ठरलेलं. मार्च २०१७ मध्ये प्रशिक्षक रोमारला काढलं, मिसुरीने वडिलांना घेतलं, मुलगा घरी. पहिल्या सामन्यात दोन मिनिटांत पाठीने दगा दिला, हंगामात तीनच सामने, ड्राफ्ट १४ वा.

यातली मेख लक्षात घ्या. कुटुंबाची चूल आणि मुलाची जागा एकाच माणसावर टांगलेली, मुख्य प्रशिक्षकावर. तो हरला की दोन्ही जातात. बाल्डविनच्या घरी तर तो माणूस खुद्द बापच होता.

आणि 'घरचा माणूस' कसा अडचणीत आणतो ते जेम्स वाइजमनने दाखवलं. पेनी हार्डअवे हायस्कूलचा प्रशिक्षक असताना त्याने वाइजमनच्या कुटुंबाला नॅशविलहून मेम्फिसला यायला ११,५०० डॉलर दिले. पुढे तोच मेम्फिस युनिव्हर्सिटीचा प्रशिक्षक झाला. त्याने २००८ मध्ये युनिव्हर्सिटीला १० लाख डॉलर दिलेले असल्याने एनसीएएच्या लेखी तो देणगीदार ठरला, आणि मदत बेकायदा. १२ सामन्यांची बंदी. मुलगा एकूण तीन सामने खेळून निघून गेला, ड्राफ्टमध्ये तरी दुसरा.

झोन_दोन_तीन

प्रशिक्षक जाण्याचा धोका मोठ्या कॉलेजातही आहेच की. केंटकीचा प्रशिक्षक कॅलिपारी २०२४ मध्ये ते सोडून आर्कान्सासला गेला, मागोमाग केंटकीसाठी ठरलेली तीन मुलं गेली.

तिसरा_पंच

आहे, पण केंटकीला चार दिवसांत नवा प्रशिक्षक मिळतो आणि रिकामा संघ बदलीतून, म्हणजे दुसऱ्या कॉलेजांतले खेळाडू घेऊन, भरता येतो. बूझर जुळे भाऊ बघा. मायामीच्या कोलंबस हायस्कूलला ओळीने चार राज्य अजिंक्यपदं, शेवटच्या दोनात ड्यूक आणि घरचं मायामी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ड्यूक निवडलं, जिथे वडील कार्लोस २००१ मध्ये अजिंक्य संघात होते. डिसेंबरात मायामीचा प्रशिक्षक लारान्यागा हंगाम अर्ध्यावर सोडून गेला. मायामीने नवा माणूस आणला तो ड्यूकचाच साहाय्यक, जाय लूकस! दोन महिने निर्णय लांबला असता तर गणित काय झालं असतं, यावर वेगळा धागा निघेल.

आता बदलीचे नियम सैल झाल्याने पहिली निवड पूर्वीइतकी जीवनमरणाची राहिलेली नाही. एप्रिल २०२४ पासून अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला, वर्षभर बसून राहावं लागत नाही. पण त्याची दुसरी बाजू ही की हायस्कूलमधून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलासमोर सरावात तेवीस वर्षांचा, तीन कॉलेजं फिरलेला गडी उभा असतो.

कॉर्नर_थ्री

चर्चा छान चाललीय, पण तुम्ही सगळे अर्ध्याच खेळाबद्दल बोलताय. मुलींकडे हे गणित पूर्ण बदलतं, आणि कारण एका नियमात आहे. एनबीएला २००६ पासून वय १९ आणि हायस्कूलनंतर एक वर्ष एवढं पुरतं, म्हणून वरची मुलं एका हंगामापुरती येतात. डब्ल्यूएनबीएत (महिलांची एनबीए) अमेरिकन कॉलेजमधून जायचं तर ड्राफ्टच्या वर्षात २२ पूर्ण व्हायला हवीत किंवा पदवी हवी. म्हणजे चार वर्षं. एका हंगामात घरचा संघ उभा करता येत नाही, चार वर्षांत येतो.

केटलिन क्लार्क वेस्ट डे मॉइनची. नोत्र दाम शेवटपर्यंत शर्यतीत, तरी दोन तासांवरच्या आयोवाला राहिली. तिथली प्रशिक्षक लिसा ब्लूडरचा खेळ आधीपासूनच वेगाचा, चेंडू एकीच्या हाती देऊन बाकीच्यांनी जागा मोकळी करायची. तिथे क्लार्कला बॉक्स-अँड-वन लावून बघितलं की कोपऱ्यातून तिघी तीन गुणांचे फटके टाकायच्या. २०२३ आणि २०२४ दोन्ही फायनल हरल्या. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये किनिक फुटबॉल मैदानावर उघड्यावर सराव सामना ठेवला तर ५५,६४६ माणसं आली. घरच्या पोरीमुळे मैदान भरतं ते असं.

जुजू वॉटकिन्स लॉस एंजेलिसच्या वॉट्सची. साउथ कॅरोलायना आणि स्टॅनफर्ड सोडून घराजवळच्या यूएससीला गेली, पहिल्याच वर्षी ९२० गुण आणि संघ शेवटच्या आठांत.

उलट उदाहरणही सांगते, नाहीतर म्हणाल बाजू घेतेय. पेज बेकर्स मिनेसोटातल्या हॉपकिन्सची. त्या वेळी युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाची प्रशिक्षक कोण होती, तर लिंडसे व्हेलन, राज्याचं दैवत. तरी बेकर्स कनेक्टिकटला गेली. गुडघ्याच्या लिगामेंटने पूर्ण वर्ष खाल्लं, पण चार-पाच वर्षांची मुदत असल्याने थांबता आलं, आणि २०२५ ला अजिंक्यपद, ८२-५९. मुलाने एका हंगामासाठी निवडलेल्या कॉलेजात तीच दुखापत झाली असती तर निवडीचा अर्थच उरला नसता. पोर्टरचे तीन सामने आठवा.

रोखपाल

कॉर्नर_थ्री, अनुमोदन. पैशातही फरक आहे. मोठ्या फुटबॉल कॉलेजांत महिला बास्केटबॉलच्या वाट्याला त्या मर्यादेतले साधारण ५ टक्के धरतात, पुरुषांच्या एक तृतीयांश. म्हणून मुलींची मोठी कमाई बाहेरच्या जाहिरातींवर, आणि तिथे घरच्या राज्यातली ओळख चालते. आयोवातल्या किराणा साखळीला आयोवाचीच मुलगी हवी असते.

नवखा_प्रेक्षक

भारतातून थेट गेलेल्या मुलाला हे पैसे मिळतात का? विद्यार्थी व्हिसावर?

रोखपाल

इथेच गाडी अडते. एफ-वन व्हिसावर कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, आणि जाहिरातीत उभं राहणं हे काम धरलं जाण्याची शक्यता दाट. पर्ड्यूचा झॅक ईडी कॅनडाचा, देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरूनही त्याला बाकीच्यांसारखी कमाई करता आली नाही. केंटकीचा ऑस्कर चिब्वे काँगोचा. ऑगस्ट २०२२ मध्ये संघ बहामाजला खेळायला गेला, तेव्हा त्याने करारांचं काम तिथे, अमेरिकेच्या हद्दीबाहेर उरकलं. शिष्यवृत्ती घेण्यात अडचण नाही. बाकी कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याला विचारायचं, प्रशिक्षकाला नाही. व्हिसा गेला तर तो प्रशिक्षकाचा जात नाही.

अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांना हा प्रश्न नाही, ती नागरिक आहेत.

मिडवेस्टकर

घरी राहण्यातला एक बारीक त्रास कुणी मोजत नाही, तो टाकून जातो. खेळाडूला साध्या सामन्याला फुकट प्रवेश चारच. दूरच्या कॉलेजात त्या चार जागा पुरून उरतात. घरच्या गावात आईवडील आणि दोन भावंडं बसली की संपल्या, आणि हायस्कूलचा प्रशिक्षक, मामा, शेजारी, क्लबचा मालक असे बाराजण दुपारी चारपासून फोन करत असतात. सामना सातला. शूटअराउंड (सामन्याच्या दिवशीचा हलका सराव) आणि जेवणाच्या मध्ये पोराने झोपायचं असतं, तो तिकिटं जुळवत बसतो. काही प्रशिक्षक यासाठी आधीच घरातल्या एका माणसाकडे हे काम सोपवायला लावतात आणि सामन्याच्या दिवशी मुलाचा फोन काढून घेतात.

बँकशॉट

तिकिटांवरून परत न्यूपोर्टला येतो. एसचं मेनमधलं गणित कूपरच्या गणितासारखं नाहीच. तो एका हंगामापुरता गेलेला नाही. त्याला चार वर्षं आहेत, अमेरिका ईस्टमध्ये सुरुवातीपासून मिनिटं मिळण्याची संधी आहे, आणि वर कॉर्नर_थ्री यांनी मुलींबद्दल जे लिहिलंय ते त्याला जास्त लागू पडतं. मार्चमधली ती एक लीग स्पर्धा जिंकली तर मेनचं पहिलंवहिलं एनसीएए तिकीट. कूपरला ड्यूकमध्ये 'पहिलंवहिलं' असं काही करायला जागाच नव्हती. २०२५ ला उपांत्य फेरीत ह्यूस्टनकडून ६७-७० ने हरला तर लोक म्हणाले, हंगाम फुकट गेला.